नव्या कार्यप्रणालीची पूर्वतयारी

‘विंडोज १०’ ही कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्ट कंपनीने २९ जुलै २०१५ रोजी प्रसृत केली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूर्वीसारखाच सुरू झाला, पत्रे लिहिली गेली, हिशेब मांडले गेले. आणि नेमक्या याच कारणामुळे, काही महत्त्वाचे बदलले आहे ही जाणीव असंख्य घरांत पोहोचलीच नाही. ज्यांच्यापर्यंत ती पोहोचली त्यांच्यातही दोन पक्ष दिसतात. एक पक्ष पडद्यावर आलेल्या सूचनेतील पहिले बटण दाबून मोकळा होतो, आणि दुसरा ‘चालते आहे तोवर हात लावू नये’ म्हणून वर्षानुवर्षे स्वस्थ बसतो. या दोन्ही पक्षांना माझे सांगणे एकच आहे: कार्यप्रणाली बदलण्याचे काम यंत्र काही तासांत आपले आपण उरकते, माणसाचे काम त्याच्या आधीचे असते, आणि ते नीट झाले असेल तर भिण्याचे कारण उरत नाही, व झाले नसेल तर घाई करण्याचा अधिकार उरत नाही.

कार्यप्रणाली म्हणजे पडद्यावरची रंगसंगती आणि तळाची पट्टी नव्हे. एखाद्या संस्थानात खजिना, कोठारे, वेशीचे दरवाजे आणि रयतेचे अर्ज या सर्वांवर दिवाणाची नजर असावी आणि त्याच्या शिक्क्यावाचून एक पैही इकडची तिकडे होऊ नये, तशी संगणकातील मेमरी, हार्ड डिस्क, कीबोर्ड, प्रिंटर आणि इंटरनेटची जोडणी या सर्वांवर कार्यप्रणालीची हुकमत असते. आपण वापरतो तो कोणताही प्रोग्रॅम, मग तो पत्रलेखनाचा असो की हिशेबाचा, स्वतः डिस्कवर एक अक्षरही लिहू शकत नाही. तो कार्यप्रणालीकडे विनंती करतो आणि कार्यप्रणालीचा गाभा, प्रोसेसरने केवळ त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या विशेष अधिकारांच्या बळावर, ती विनंती पुरी करतो किंवा नाकारतो. प्रिंटर, ध्वनी, चित्र यांची उपकरणे चालवणारे ‘ड्रायव्हर’ नावाचे छोटे प्रोग्रॅमही पुष्कळदा याच अधिकारांनी चालतात. म्हणून गाभ्यात किंवा ड्रायव्हरमध्ये राहून गेलेला एखादा दोष परक्या माणसाच्या हाती लागला, तर त्याला एका फायलीपुरता नव्हे, सबंध यंत्राचा ताबा मिळतो.

असे दोष अपवादाने नव्हे, नियमाने सापडतात. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांच्या दुरुस्त्या प्रसृत करते. मार्च २०१७मध्ये तिने फायलींच्या देवघेवीच्या एका जुन्या पद्धतीतील दोष दुरुस्त केला होता. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच दोषातून शिरून सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांत पसरला, त्याने लोकांच्या फायली कुलूपबंद केल्या, आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. बाधित यंत्रांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होती, तिला तेव्हा दुरुस्त्या मिळत होत्या, आणि ही विशिष्ट दुरुस्ती तर दोन महिने आधीच उपलब्ध होती. ती बसवायची तेवढी राहिली होती. देखभाल संपलेल्या प्रणालीची स्थिती याहूनही नाजूक असते. विंडोज १० आणि विंडोज ११ यांचा पुष्कळसा आतला भाग समान आहे. नव्या प्रणालीसाठी दुरुस्ती निघाली की दुरुस्तीपूर्वीची आणि दुरुस्तीनंतरची फाइल शेजारी ठेवून दोष कोठे होता हे जाणकाराला शोधून काढता येते, आणि तोच दोष जुन्या प्रणालीत तसाच उघडा असल्याचा संभव मोठा असतो. नव्या प्रणालीची प्रत्येक दुरुस्ती अशा रीतीने जुन्या प्रणालीच्या शत्रूला नकाशा पुरवते. ‘माझ्या संगणकात चोरण्यासारखे काय आहे’ असे म्हणणाऱ्या गृहस्थाने आपल्या बँकेचा परवलीचा शब्द, आधार व पॅनच्या प्रती आणि मुलांची छायाचित्रे कोठे आहेत याचा एकदा विचार करावा.

येथवर हेतू झाला. आता पात्रतेचा प्रश्न. आणि बहुतेक घरांतील गाडे येथेच अडते. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ला चार जीबी मेमरी आणि चौसष्ट जीबी डिस्क पुरते असे कंपनी म्हणते. मेमरीचा आकडा मला कागदावरचा वाटतो, कारण आठ जीबींहून कमी मेमरीवर तिचा संसार सुखाचा होत नाही. परंतु अडचण त्या आकड्यांची नाही. अडचण आहे ती टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि प्रोसेसरची पिढी या तीन अटींची. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या बाळगणारा सुरक्षित भाग. तो वेगळ्या चिपच्या रूपाने असतो किंवा यंत्राच्या फर्मवेअरमध्येच अंतर्भूत असतो, आणि डिस्कवरील मजकूर कुलूपबंद करणारी किल्ली तो अशा रीतीने जतन करतो की यंत्राच्या आरंभीच्या स्थितीत फेरफार झाला तर ती बाहेर पडत नाही. सिक्युअर बूट म्हणजे यंत्र सुरू होताना अधिकृत स्वाक्षरी असलेलाच प्रोग्रॅम आधी चालेल याची खातरजमा.

२८ जुलै २०१६नंतर विंडोज १०सह विकल्या गेलेल्या नव्या यंत्रांत टीपीएम २.० असावा असा मायक्रोसॉफ्टचा उत्पादकांना दंडक होता. त्यामुळे त्यानंतरच्या नामांकित कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये तो बहुधा असतोच. परंतु प्रोसेसरची अट अधिक कडक आहे: इंटेलची सर्वसाधारणपणे आठवी पिढी, म्हणजे २०१७च्या उत्तरार्धापासूनची, आणि एएमडीची रायझन २००० मालिका व त्यापुढील. परिणामी २०१६ किंवा २०१७ साली चांगली किंमत मोजून घेतलेला, टीपीएम असलेला, अजूनही चपळ असा लॅपटॉप केवळ सातव्या पिढीचा म्हणून अपात्र ठरतो. सुरक्षिततेची कारणे मान्य करूनही हा नियम मला कठोर वाटतो, कारण ज्या देशात संगणक ही कुटुंबाने दहा वर्षे वापरायची वस्तू असते तेथे त्याचा भार सामान्य मध्यमवर्गीयावर पडतो.

पात्रता पाहण्यासाठी मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा मोफत प्रोग्रॅम आहे. त्याने नकार दिला तर तो नकार अंतिम समजू नये, नकाराचे कारण वाचावे. आपल्याकडे शहरातील संगणकबाजारातून सुटे भाग आणून दुकानदाराकडून जुळवून घेतलेले डेस्कटॉप पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मदरबोर्डात टीपीएमची सोय असूनही ती बंद ठेवलेली असते. यंत्र सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसच्या पडद्यावर गेले की इंटेलच्या बोर्डावर ती ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. ती चालू करून पुन्हा विंडोजमध्ये यावे आणि टीपीएमच्या व्यवस्थापनाची खिडकी उघडावी. तेथे तळाशी ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन’पुढे २.० लिहिलेले दिसले की पहिली अट पुरी झाली.

दुसरी अट याहून किचकट, कारण तिचे मूळ डिस्कच्या मांडणीत असते. विंडोज एक्सपी आणि ७च्या काळापासून चालत आलेल्या यंत्रांत डिस्क ‘एमबीआर’ या जुन्या पद्धतीने विभागलेली असते आणि यंत्र ‘लेगसी’ रीतीने सुरू होते. सिक्युअर बूटला ‘यूईएफआय’ ही नवी रीत व ‘जीपीटी’ ही नवी विभागणी लागते. बायोसमध्ये नुसती यूईएफआय निवडली तर जुन्या विभागणीच्या डिस्कवरून विंडोज सुरू होणेच थांबते, आणि घाबरलेला मालक दुकान गाठतो. विंडोज १०मध्ये २०१७पासून ‘एमबीआर टू जीपीटी’ नावाची आज्ञा अंतर्भूत आहे. ती मजकूर न पुसता डिस्कची विभागणी बदलते, आणि प्रत्यक्ष बदलापूर्वी केवळ तपासणी करण्याची सोयही तिच्यात आहे. मात्र तिची एक अट आपल्या घरांत हमखास आड येते. सी, डी, ई, एफ असे चार-पाच ड्राइव्ह पाडून घेण्याची आपल्याकडे रूढी होती, आणि जुन्या पद्धतीत चारांहून अधिक मुख्य भाग करता येत नसल्यामुळे डी, ई, एफ हे ‘एक्स्टेंडेड’ नावाच्या एका मोठ्या भागाच्या पोटात घातलेले असत. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये हे ड्राइव्ह एका हिरव्या चौकटीत बसलेले दिसतात. ही हिरवी चौकट असेल तर वरील आज्ञा काम नाकारते. तेव्हा त्या ड्राइव्हांतील सर्व मजकूर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे, चौकट मोडणे, रूपांतर करणे आणि मग मजकूर परत आणणे हाच राजमार्ग. यात एखादी संध्याकाळ जाते. ती जाऊ द्यावी.

यंत्र खरोखरच अपात्र असेल तर काय? अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत, आणि पुष्कळ यंत्रांवर त्या चालतातही. परंतु अशा यंत्राला पुढील दुरुस्त्या मिळतील याची हमी कंपनी देत नाही, आणि ज्या सुरक्षिततेसाठी हा सारा खटाटोप तीच अनिश्चित राहते, म्हणून घरच्या मुख्य संगणकावर हा प्रयोग करू नये असे माझे मत आहे. विंडोज १०ला सुरक्षा-दुरुस्त्यांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळते. तीस डॉलर भरून, मायक्रोसॉफ्टचे एक हजार बक्षीस-गुण खर्चून, किंवा आपल्या मांडणीची प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवण्यास मान्यता देऊन विनामूल्य. या शेवटच्या मार्गाने जाताना फायलींचीही प्रत ठेवण्याचा पर्याय पुढे येतो आणि वनड्राइव्हची मोफत जागा केवळ पाच जीबी असते, हे ध्यानात ठेवून काय चढवायचे ते निवडावे. मुदतवाढ हा तोडगा नव्हे, सवड आहे. त्यानंतर ज्यांचे काम इंटरनेट, पत्रव्यवहार आणि साधे लेखन एवढ्यापुरते आहे त्यांनी लिनक्सचा विचार अवश्य करावा: मिंट किंवा उबुंटू, किंवा पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने सिद्ध केलेली ‘बॉस’. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक तेथेही आहे. टॅली किंवा विशिष्ट विंडोज प्रोग्रॅमवर ज्यांचा उदरनिर्वाह आहे त्यांना मात्र हा मार्ग सोयीचा नाही.

पात्रता ठरली की दप्तराचा बंदोबस्त. ज्या फायली गेल्या तर परत मिळणार नाहीत त्यांची प्रत यंत्राबाहेर हवी. डी ड्राइव्हवर टाकलेली प्रत ही प्रत नव्हे, कारण सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात व डिस्क गेली की दोन्ही जातात. बाहेरच्या हार्ड डिस्कवर सर्व उतरवावे, त्यातील दोन-चार फायली उघडून पाहाव्यात, आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ येथे पाहणे कोणाच्याही लक्षात येते. राहून जातो तो डेस्कटॉप, ‘डाउनलोड्स’, आणि हिशेबाच्या प्रोग्रॅमने स्वतःच निवडलेला एखादा कोपऱ्यातला फोल्डर.

याच जोडीला एक किल्ली कागदावर उतरवून ठेवावी, आणि याविषयी मी आग्रहाने लिहितो, कारण येथे झालेले नुकसान भरून येत नाही. पुष्कळ लॅपटॉपमध्ये मालकाच्या नकळत डिस्क कुलूपबंद झालेली असते. ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ या नावाने ती व्यवस्था चालते. बायोसमध्ये टीपीएमला किंवा सिक्युअर बूटला हात लावला की टीपीएमला यंत्राची ओळख पटत नाही आणि पुढच्या वेळी एक निळा पडदा येऊन अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागतो, सहा-सहा अंकांचे आठ गट. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. परंतु ते खाते चार वर्षांपूर्वी दुकानदाराने किंवा भाच्याने आपल्याच फोन नंबरावर उघडून दिलेले असेल, तर त्या खात्यापर्यंत पोहोचणार कसे? किल्लीवाचून तो मजकूर मायक्रोसॉफ्टलाही उघडता येत नाही. तेव्हा बायोसमध्ये जाण्यापूर्वी खात्यातून किल्ली पाहून वहीत लिहावी आणि बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे.

मराठी लेखन करणाऱ्यांना आणखी एक जपणूक करावी लागते. युनिकोड सर्वत्र होण्यापूर्वी श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या साधनांनी लिहिलेल्या हजारो फायली आपल्या छापखान्यांत, शाळांत, ग्रंथालयांत आणि लेखकांच्या घरी आहेत. या फायलींत प्रत्यक्षात साठवलेले असतात रोमन अक्षरांचे व चिन्हांचे अंक. त्यांना देवनागरी रूप देतो तो विशिष्ट फॉन्ट. फॉन्ट गेला की सबंध कादंबरी अर्थहीन रोमन चिन्हांचा ढीग होऊन पडते. म्हणून ते फॉन्ट वेगळ्या फोल्डरात जपून ठेवावेत आणि शक्य तितका मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. विंडोज ११ केवळ ६४-बिट आहे. तिच्यात १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत आणि ३२-बिट ड्रायव्हरही चालत नाहीत, त्यामुळे जुन्या लेखन-प्रोग्रॅमसोबत मिळालेला, संगणकामागे लावायचा डोंगल मुका राहण्याचा संभव आहे. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्टदेखील आता विंडोजच्या मूळ संचात धरलेला नसून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक भागात ठेवलेला आहे. कोऱ्या प्रतिष्ठापनेनंतर तो दिसला नाही, तर सेटिंग्जमधील ‘ऑप्शनल फीचर्स’मधून तो मागवून घ्यावा.

कोरी प्रतिष्ठापना म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात ती. कोणतीही तक्रार घेऊन गेले की फॉरमॅट मारून विंडोज टाकून देण्याची दुकानांची वहिवाट आहे. परंतु विंडोज १०वरून ११कडे जाण्यासाठी तिची गरज नाही. फायली, प्रोग्रॅम आणि मांडणी जागच्या जागी ठेवून प्रणाली बदलता येते, अधिकृत परवाना असलेल्याला ती विनामूल्य मिळते, आणि परवाना यंत्राशी निगडित असल्यामुळे नवी किल्ली टाकावी लागत नाही. विंडोज ७वरून येणाऱ्यांचे प्रोग्रॅम मात्र सोबत येत नाहीत. परवान्याऐवजी ‘क्रॅक’ वापरलेला असेल तर तो काढून टाकणे हेच पहिले काम समजावे, कारण अशा साधनांसोबत काय आत आले आहे याचा कोणालाच भरवसा देता येत नाही.

प्रत्यक्ष बदल घडतो कसा हे जाणले की मधल्या दीर्घ काळ्या पडद्यांची धास्ती वाटत नाही. प्रथम जुनी विंडोज चालू असतानाच नव्या प्रणालीच्या फायली उतरवल्या जातात आणि यंत्रातील प्रोग्रॅम, ड्रायव्हर व मांडणी यांची यादी तयार होते. मग यंत्र पुन्हा सुरू होऊन एका छोट्या, तात्पुरत्या विंडोजच्या ताब्यात जाते. ती जुन्या विंडोजचा फोल्डर ‘विंडोज डॉट ओल्ड’ या नावाखाली हलवते, ज्यात बाइट न बाइट नकलण्याऐवजी फक्त नोंदी बदलायच्या असल्यामुळे वेळ लागत नाही, आणि मोकळ्या झालेल्या जागी नवी प्रणाली पसरते. त्यानंतरच्या दोन प्रारंभांत ड्रायव्हर बसतात आणि जुनी मांडणी नव्या घरात आणली जाते. कोठे अडथळा आला तर यंत्र स्वतःच मागे फिरते आणि जुनी विंडोज पूर्ववत उभी करते. अशा माघारीनंतर दिसणाऱ्या संकेतात सी१९००१०१ हे अंक असतील तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा असतो. म्हणून आरंभ करण्यापूर्वी प्रिंटर, वेबकॅम, डोंगल, पेनड्राइव्ह सर्व काढून ठेवावे आणि परका अँटिव्हायरस काढून टाकावा. लॅपटॉप चार्जरला लावावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर महाराष्ट्रातील गावोगावी वीज जाण्याच्या वेळा ठाऊक असतात, त्या टाळून काम काढावे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे काम अर्धा दिवसही घेते. त्या यंत्रात आधी एसएसडी बसवणे हा मेमरी वाढवण्याहूनही लाभाचा खर्च आहे. टक्केवारीचा आकडा एका जागी बराच वेळ थबकला म्हणून मुख्य बटण दाबून यंत्र बंद करू नये. डिस्कचा दिवा लुकलुकतो आहे तोवर काम चालू आहे.

नवी प्रणाली आली की जुनी ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये दहा दिवस राहते, आणि सेटिंग्जमधील ‘गो बॅक’ने तेवढ्या मुदतीत परत जाता येते, अकराव्या दिवशी विंडोज तो फोल्डर आपण होऊन काढून टाकते. मुदत संपण्यापूर्वी ‘डिझम’ या आज्ञेने ती साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, आणि जागा मोकळी करण्याच्या उत्साहात ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’पुढील चौकटीत खूण करू नये. त्या दहा दिवसांत प्रिंटरवर एक पान छापून पाहा, स्कॅनर चालवा, बँकेचे व करविवरणाचे काम करून पाहा, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लावून ओळखले जाते का ते पाहा, आणि जुन्या फॉन्टमधली एखादी फाइल उघडून मराठी अक्षरे जागेवर आहेत याची खात्री करून घ्या. एवढे करूनच कपाटातली प्रत मोडा, त्याआधी नव्हे.